संयुक्त मंत्रिमंडळाची जुळवणी

उज्जयिनीस क्षिप्रेच्या एका तीरावर रामघाट आहे आणि त्याच्या समोर, पलीकडच्या तीरावर, दत्त आखाड्याचा घाट. दर बारा वर्षांनी सिंहस्थाची पर्वणी येते, तेव्हा शैव संन्याशांचे आखाडे दत्त आखाड्याच्या घाटावर स्नानास उतरतात आणि वैष्णव बैरागी रामघाटावर. नदी तीच, पाणी तेच, पर्वणीही तीच. तथापि कोणत्या आखाड्याने कोणामागून पाण्यात पाऊल टाकावयाचे आणि किती वेळात घाट मोकळा करावयाचा, हे मात्र आधी ठरलेले असते. मान्यताप्राप्त आखाडे तेरा आहेत आणि त्यांतील प्रत्येकास आपले स्थान नेमके ठाऊक असते. जेथे असा क्रम ठरला नव्हता, किंवा ठरलेला क्रम कोणी जुमानला नाही, तेथे पर्वणीच्या दिवशी शस्त्रे उपसली गेल्याचे दाखले अठराव्या शतकात आहेत. गोदातीरी शैव आणि वैष्णव यांच्यात असाच रक्तपात झाला आणि अखेर शैवांनी त्र्यंबकेश्वरी व वैष्णवांनी नाशिकच्या रामकुंडावर स्नान करावे, अशी विभागणी पेशवाईत करून देण्यात आली. ती आजतागायत पाळली जाते.

एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले राजकीय पक्ष जेव्हा एकत्र येऊन मंत्रिमंडळ बनवू लागतात, तेव्हा त्यांच्यापुढे याच जातीचा प्रश्न उभा राहतो. सत्ता एकच असते. तिच्यात आधी कोणी उतरावयाचे, कोठवर उतरावयाचे आणि वाद झालाच तर निवाडा कोणी द्यावयाचा, हे ठरवावे लागते. वर्तमानपत्रांतून या वाटाघाटींच्या बातम्या येतात, त्या बहुधा कोण कोणाच्या बंगल्यावर गेले आणि किती वेळ थांबले एवढ्याच असतात. आत नेमके काय तोलले जाते, हे समजून घ्यावयाचे तर एखादे घडून गेलेले उदाहरण हाती घेऊन त्याचा हिशेब मांडून पाहावा हे बरे. उज्जैन ज्या राज्यात आहे त्या मध्य प्रदेशातच असे एक उदाहरण १९६७ साली घडले.

त्याआधी या प्रांताची थोडी पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. उज्जैन हे शिंदे घराण्याचे मूळ ठाणे. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला तो याच काळात. पुढे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली; तरी माळव्यातील शेकडो मराठी कुटुंबांचे या घराण्याशी असलेले नाते तुटले नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील इतर संस्थाने मिळून मध्यभारत राज्य झाले, तेव्हा राजधानीवरून ग्वाल्हेर आणि इंदूर यांच्यात तेढ पडली. तोड निघाली ती अशी, की हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर! दोन शहरांचे समाधान व्हावे म्हणून सरकारी कारभार वर्षातून दोनदा प्रवास करू लागला. महाराजा जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. मंत्रिमंडळ एकाच पक्षाचे, काँग्रेसचे होते; परंतु लीलाधर जोशी, गोपीकृष्ण विजयवर्गीय, तख्तमल जैन, मिश्रीलाल गंगवाल आणि पुन्हा तख्तमल जैन अशी पाच मंत्रिमंडळे साडेआठ वर्षांत होऊन गेली. तेव्हा एकाच पक्षाचे राज्य आले म्हणजे वाटाघाटी संपल्या असे नव्हे. त्या पक्षाच्या घरात होतात, इतकेच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला आणि भोपाळ ही राजधानी ठरली. तेथील १९६७ च्या निवडणुकीचे आकडे असे आहेत. विधानसभेच्या जागा २९६. त्यांत काँग्रेस १६७, भारतीय जनसंघ ७८, संयुक्त समाजवादी १०, प्रजासमाजवादी ९, स्वतंत्र पक्ष ७, जनकाँग्रेस २, कम्युनिस्ट १ आणि अपक्ष २२. बहुमताला १४९ जागा पुरतात. काँग्रेसपाशी त्याहून अठरा अधिक होत्या आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांच्यासारखा करडा व अनुभवी मुख्यमंत्री होता. संयुक्त मंत्रिमंडळाची येथे काही गरजच दिसत नव्हती.

परंतु पक्षाच्या आत असंतोष होता आणि पक्षाच्या बाहेर राजमाता विजयाराजे शिंदे होत्या. त्या दोनदा काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत निवडून गेल्या होत्या. मिश्र यांच्याशी बिनसल्यावर १९६७ च्या निवडणुकीआधी त्यांनी काँग्रेस सोडली. लोकसभेसाठी गुणे येथून स्वतंत्र पक्षातर्फे आणि विधानसभेसाठी करेरा येथून जनसंघातर्फे त्या उभ्या राहिल्या आणि दोन्हीकडे विजयी झाल्या. त्यांनी विधानसभा पत्करली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असताना, विंध्य भागातील नेते गोविंद नारायण सिंह यांच्यासह काँग्रेसचे ३६ सदस्य पक्ष सोडून विरोधकांना मिळाले. शिक्षण खात्याच्या मागण्यांवर सरकारचा पराभव झाला. ३० जुलै १९६७ रोजी गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्री झाले. वीरेंद्रकुमार सखलेचा या जनसंघाच्या नेत्याकडे उपमुख्यमंत्रिपद आले. संयुक्त विधायक दल असे नाव या आघाडीने घेतले आणि हिंदी वृत्तपत्रांनी ते आखडून 'संविद' केले. संस्कृतात संविद् म्हणजे करार, आणि धर्मशास्त्रकारांनी ज्या अठरा प्रकारच्या वादांचे निवाडे सांगितले आहेत त्यांतील एका प्रकाराचे नाव संविद्-व्यतिक्रम, म्हणजे ठरलेला करार मोडणे, असे आहे. ज्यांनी हे संक्षिप्त नाव रूढ केले त्यांना हे ठाऊक होते की नाही, देव जाणे.

आता हिशेब मांडू. काँग्रेसचे १६७ मधून ३६ गेले, राहिले १३१. विरोधकांचे सर्व मिळून १२९ होते, त्यांत ३६ मिळाले म्हणजे कागदावर १६५. या १६५ मध्ये सर्वांत मोठा गट जनसंघाचा, ७८ जणांचा. बाहेरून आलेल्यांचा गट त्याच्या निम्म्याहून लहान. असे असता मुख्यमंत्रिपद मोठ्या गटाकडे का गेले नाही?

याचे एक साधे उत्तर देता येईल, की ३६ जण निघून गेले तर १२९ उरतात आणि सरकार पडते. पण ते पुरेसे नाही. कारण जनसंघाचे ७८ निघून गेले तरी ८७ उरतात आणि सरकार पडतेच. दोघेही एकमेकांवाचून पंगू. फरक अन्यत्र होता. जनसंघास दुसरीकडे जावयास जागा नव्हती. काँग्रेसशी त्याचे जमणे शक्य नव्हते, आणि हे सरकार पडले तर त्यास पुन्हा विरोधी बाकांवर बसणे भाग होते. ३६ जणांचे तसे नव्हते. ज्या घरातून ते बाहेर पडले होते त्या घराचे दार त्यांच्यासाठी पुरते बंद झालेले नव्हते. वाटाघाटीत माणसाचे वजन त्याच्या मागे किती लोक आहेत यावर जितके ठरते, तितकेच, किंबहुना अधिकच, त्याला परतीची वाट किती मोकळी आहे यावर ठरते. लहान समाजवादी गटांची अवस्था याच्या उलट. दहा जणांचा एखादा पक्ष वगळला तरी १५५ उरत होते, म्हणजे सरकार चालत होते. त्यामुळे त्यांना आदराने वागविले जाई, पण त्यांच्या 'नाही'ला किंमत नव्हती. ती यावयाची तर त्यांनी आधी आपसांत एक होणे आवश्यक होते.

मुख्यमंत्री कोण हे ठरले म्हणजे वाटाघाटी संपत नाहीत, खरे तर तेथून सुरू होतात. राज्यघटना या बाबतीत फार थोडे सांगते. १६४ व्या अनुच्छेदाप्रमाणे मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि इतर मंत्र्यांची नेमणूक मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने होते. मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार असते. आणि सभागृहाचा सदस्य नसलेला मनुष्य मंत्री झाला तर सहा महिन्यांत त्यास निवडून यावे लागते. कोणाकडे कोणते खाते हे त्यात नाही. उपमुख्यमंत्री हा शब्द तर राज्यघटनेत कोठेच नाही. ते पद वाटाघाटींच्या बैठकीत जन्मास आले आहे. मोठ्या पक्षास मुख्यमंत्रिपद देता आले नाही, तर त्याचा मान राखण्यासाठी ते निर्माण करावे लागते. त्याचे अधिकार किती, हे त्याच्याकडे कोणते खाते आहे त्यावरून ओळखावे. पदाच्या नावावरून ओळखू नये.

खात्यांचेही तसेच. गृहखाते हवे असते, कारण पोलीस त्याच्या हाती. अर्थखाते हवे असते, कारण इतर साऱ्या खात्यांना त्याच्या दारी उभे राहावे लागते. महसूल खाते म्हणजे तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंतची साखळी. पाटबंधारे आणि बांधकाम या खात्यांत पैसा खर्च होतो आणि तो डोळ्यांना दिसतो. गावात पूल झाला की तो कोणी केला हे मतदारास सांगावे लागत नाही. शिक्षण खात्याचा खर्च मोठा, पण तो पगारांत जातो आणि त्याचे फळ दहा-पंधरा वर्षांनी दिसते, म्हणून वाटाघाटींच्या बैठकीत त्यासाठी सहसा कोणी अडून बसत नाही. मिश्र यांचे सरकार शिक्षण खात्याच्या मागण्यांवर पडले म्हणून त्या दिवशी सभागृहात शिक्षणाचा फार विचार झाला असे मात्र कोणी समजू नये.

संविद सरकारची खरी अडचण खात्यांची नव्हती. दलाचे नेतेपद राजमातांकडे होते. पण त्यांनी स्वतः मंत्रिपद घेतले नव्हते. मुख्यमंत्री गोविंद नारायण सिंह होते. पण ज्या दलाच्या आधारावर ते मुख्यमंत्री होते त्याचे नेते ते नव्हते. जनसंघाचे मंत्री मुख्यमंत्र्यांच्या हाताखाली होते. पण त्यांची निष्ठा आपल्या संघटनेशी होती आणि त्या संघटनेची सूत्रे, धारच्या मराठी घराण्यातील कुशाभाऊ ठाकरे यांच्यासारख्या, कोणत्याही सरकारी पदावर नसलेल्या कार्यकर्त्यांच्या हाती होती. एखाद्या सचिवाने निर्णयासाठी फाईल पाठविली, तर ती मुख्यमंत्र्यांच्या टेबलावर थांबे. परंतु मुख्यमंत्र्यांनी त्यावर काय लिहावे, याबद्दल मत असणारी माणसे सचिवालयाच्या बाहेर होती. मध्यभारताच्या दोन राजधान्यांचा प्रवास निदान ऋतूंप्रमाणे ठरलेला तरी होता!

असे असूनही हे सरकार एकोणीस महिने चालले, हे नोंदविले पाहिजे. १९६७ साली उत्तर भारतात अशा अनेक आघाड्या सत्तेवर आल्या आणि त्यांतील काही वर्षभरही टिकल्या नाहीत. मार्च १९६९ मध्ये गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्रिपदावरून दूर झाले. सारंगढचे राजे नरेशचंद्र सिंह त्यांच्या जागी आले आणि अवघ्या तेरा दिवसांत पायउतार झाले. गोविंद नारायण सिंह आपल्या सोबत्यांसह काँग्रेसमध्ये परतले आणि २६ मार्च रोजी काँग्रेसचे श्यामाचरण शुक्ल मुख्यमंत्री झाले. परतीच्या ज्या मोकळ्या वाटेने १९६७ साली मुख्यमंत्रिपद मिळवून दिले, त्याच वाटेने हे सरकार गेले. जनसंघाचे ७८ सदस्य पुन्हा विरोधी बाकांवर गेले.

त्या दोन वर्षांत देशभर काय चालले होते, याचा शोध घेण्यासाठी लोकसभेच्या ठरावानुसार केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिने १९६९ मध्ये दिलेल्या अहवालातील दोन आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या एका वर्षात ४३८ पक्षांतरे झाली. निरनिराळ्या राज्यांत पक्षांतर केलेल्या ज्या २१० आमदारांचा समितीने हिशेब घेतला, त्यांतील ११६ जणांना नव्या मंत्रिमंडळात स्थान मिळाले. म्हणजे निम्म्याहून अधिक! ध्येयधोरणाच्या मतभेदामुळे पक्ष सोडणारा मनुष्य नसतोच असे नाही. परंतु दर दोघांतील एकाहून अधिक जणांचे मतभेद मंत्रिपदाच्या शपथेने मिटावेत, हा योगायोग म्हणता येणार नाही. असे मंत्रिमंडळ बनते तेव्हा माणसे मोजून खाती निर्माण करावी लागतात. एक खाते फोडून त्याची दोन होतात आणि दोघांच्या मध्ये शेतकऱ्याचा अर्ज अडकून पडतो.

महाराष्ट्रास हा अनुभव थोडा उशिरा आला. १९७८ च्या निवडणुकीत २८८ पैकी जनता पक्षास ९९, काँग्रेसच्या एका गटास ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. दोन काँग्रेसनी निवडणुकीत एकमेकींविरुद्ध लढून नंतर एकत्र मंत्रिमंडळ केले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. मार्चमध्ये आलेले हे सरकार जुलैत गेले. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. येथेही तोच हिशेब दिसतो. ९९ जणांच्या जनता पक्षाने मुख्यमंत्रिपद काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या लहान गटाच्या नेत्यास दिले. हे सरकार मात्र आतून फुटून पडले नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये ते केंद्राने बरखास्त केले.

२००४ सालचे उदाहरण याहून बोधक आहे, कारण त्यात पदाची किंमत उघडपणे ठरली. राष्ट्रवादी काँग्रेसला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या होत्या. दोन जागा अधिक असूनही राष्ट्रवादीने मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहू दिले आणि त्याच्या मोबदल्यात मंत्रिमंडळात अधिक स्थाने घेतली. ऑक्टोबरच्या मध्यास निकाल लागला होता. विलासराव देशमुखांचा शपथविधी १ नोव्हेंबर रोजी झाला. एका खुर्चीच्या बदल्यात किती खुर्च्या, याच्या मोजदादीस पंधरा दिवस लागले. २०१९ मध्ये तर निवडणूक एकत्र लढविलेले दोन पक्ष मुख्यमंत्रिपदावरून वेगळे झाले, राष्ट्रपती राजवट आली, एका सरकारचा शपथविधी भल्या सकाळी होऊन तीन दिवसांत ते संपले, आणि २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे यांच्यासह तीन पक्षांच्या केवळ सहा मंत्र्यांनी शपथ घेतली. पूर्ण मंत्रिमंडळ होण्यास ३० डिसेंबर उजाडला.

या कालहरणास मर्यादा नाही काय? आपल्या राज्यघटनेत तरी मंत्रिमंडळ अमुक दिवसांत पूर्ण झाले पाहिजे असे बंधन नाही. बेल्जियममध्ये २०१० च्या निवडणुकीनंतर सरकार बनण्यास ५४१ दिवस लागले. नेदरलँड्समध्ये वाटाघाटींना एवढा वेळ लागतो हे गृहीतच धरलेले आहे. तेथे स्वतः मंत्रिपद न मागणारा एखादा अनुभवी गृहस्थ मध्यस्थ म्हणून नेमतात आणि तो आधी कार्यक्रम लिहून घेतो, खात्यांचे बोलणे मागाहून काढतो. जर्मनीत पक्षांचा करार छापून प्रसिद्ध होतो. २०१३ साली सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने तो आपल्या सर्व सभासदांपुढे मतास ठेवला होता. याहून जुना आणि कडक उपाय ख्रिस्ती धर्मपीठाच्या इतिहासात आहे. १२६८ साली पोप निवडण्यासाठी इटलीतील व्हितेर्बो या गावी जमलेले कार्डिनल जवळजवळ तीन वर्षे भांडत बसले. तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना वाड्यात कोंडले, त्यांचे जेवण कमी केले आणि अखेर छपरही काढून टाकले, असे सांगतात. त्या वेळी निवडून आलेल्या दहाव्या ग्रेगरी पोपने १२७४ मध्ये नियमच केला, की निवडणूक बंद दाराआड व्हावी आणि दिवस लांबतील तसतसे ताटातील पदार्थ कमी व्हावेत. आमदारांना एकत्र कोंडून ठेवण्याचा भाग आपल्याकडे उचलला गेला आहे. पण ज्या हॉटेलांत त्यांना ठेवतात तेथे ताटातील पदार्थ कमी होत असल्याचे ऐकिवात नाही.

वाटाघाटी लांबल्याने कोणाचे काय जाते, हे उज्जैनकरांस २०२० साली कळले. २०१८ च्या निवडणुकीत मध्य प्रदेशच्या २३० जागांपैकी काँग्रेसला ११४ आणि भारतीय जनता पक्षाला १०९ मिळाल्या होत्या. चार अपक्ष, बहुजन समाज पक्षाचे दोन आणि समाजवादी पक्षाचा एक यांच्या पाठिंब्याने कमलनाथ यांचे सरकार उभे होते. मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य शिंदे, म्हणजे राजमातांचे नातू, काँग्रेसमधून बाहेर पडले आणि त्या पक्षाच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले. आजीच्या वेळी ३६, नातवाच्या वेळी २२. तथापि या दोहोंमध्ये कायदा बदललेला होता. १९६७ चे ३६ जण आपल्या जागा न सोडता दुसऱ्या बाजूस जाऊन बसले. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत आला. त्यात एक तृतीयांश सदस्य फुटले तर त्यांना मोकळीक होती, तीही २००३ साली काढून घेण्यात आली. आता दोन तृतीयांश सदस्यांनिशी दुसऱ्या पक्षात विलीन व्हावे लागते. ११४ चे दोन तृतीयांश ७६ होतात. २२ जणांस ती वाट नव्हती. म्हणून त्यांनी पक्ष बदलून मत देण्याऐवजी सदस्यत्वच सोडले. सभागृहाची संख्या २०६ वर आली, बहुमत १०४ वर आले, आणि त्या वेळी भारतीय जनता पक्षाकडे १०७ सदस्य होते. १५७ वर्षांनी नव्हे, ५३ वर्षांनी तोच खेळ निराळ्या सोंगट्यांनी मांडला गेला.

२० मार्चला कमलनाथ यांनी राजीनामा दिला आणि २३ मार्चच्या रात्री शिवराजसिंह चौहान यांनी एकट्याने शपथ घेतली. दुसऱ्याच दिवशी देशभर टाळेबंदी जाहीर झाली. २५ मार्च रोजी करोनाने राज्यातील पहिला मृत्यू झाला, तो उज्जैनच्या रहिवाशाचा. इंदूर आणि उज्जैन येथे साथ पसरत असताना २१ एप्रिलपर्यंत राज्यास मुख्यमंत्र्याखेरीज एकही मंत्री नव्हता, आरोग्यमंत्रीही नव्हता. त्या दिवशी पाच मंत्री झाले, त्यांतील तुलसी सिलावट आणि गोविंदसिंह राजपूत हे दोघे राजीनामा देऊन आलेल्यांपैकी होते. पूर्ण विस्तार २ जुलैस झाला, आणि तेव्हा मंत्रिमंडळात विधानसभेचे सदस्य नसलेले चौदा जण होते. २००३ च्याच घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर नेण्यास मनाई केली आहे. २३० चे पंधरा टक्के साडेचौतीस. त्या मर्यादेत चौदा जागा बाहेरून आलेल्यांना गेल्या म्हणजे पक्षात वर्षानुवर्षे काम केलेल्या कितीजणांना थांबावे लागले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

सहा महिन्यांचा नियम मात्र कोणास सुटला नाही. साथीमुळे पोटनिवडणुका लांबल्या आणि सिलावट व राजपूत यांना ऑक्टोबरमध्ये, मतदानाच्या तोंडावर, मंत्रिपदे सोडावी लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये २८ जागांसाठी मतदान झाले. भारतीय जनता पक्षाने १९ जिंकल्या, काँग्रेसने ९. ते दोघे निवडून आले. पण पक्ष बदलून मंत्री झालेल्यांपैकी तिघांना त्यांच्या मतदारांनी नाकारले. १९६७ च्या छत्तीस जणांना पक्ष सोडल्याबद्दल असे मतदारांपुढे जावे लागले नव्हते.